अपूर्ण कामाचं कुलूप

सोमवारी सकाळी नांदुऱ्याच्या बँकेतून फोन आला तेव्हा सुचिता इंगळे शेगावात एका लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर स्लॅबची सळई तपासत होती. "मॅडम, जरा येऊन जा. तुमच्या गॅरंटीबद्दल पत्र आलंय," मॅनेजर म्हणाले. तिला वाटलं, सुटली एकदाची. चिंचोड्याचं आरोग्य उपकेंद्र बांधून होऊन सव्वा वर्ष उलटलं होतं. त्या कामासाठी बँकेने सरकारला लिहून दिलेली हमी मोकळी व्हायची तेवढी बाकी होती. मिस्त्रीला दोन सूचना देऊन तिने स्कूटी काढली.

मॅनेजरांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग पत्र. बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्याची सही होती. 'सदर कंत्राटदाराने काम विहित मुदतीत पूर्ण केलेले नाही. काम आजमितीस अपूर्ण आहे. सबब हमीची संपूर्ण रक्कम शासनाच्या खात्यात तात्काळ जमा करावी.'

सुचिताने ते वाचलं, मागची बाजू उलटून पाहिली, पुन्हा वाचलं.

"अपूर्ण?"

"मॅडम, असं पत्र आलं की आम्हाला पैसे द्यावेच लागतात. काम झालं की नाही झालं, हे बघायचा अधिकार बँकेला नाही. हमी म्हणजे..."

"हमी म्हणजे काय असते ते मले शिकवू नका," ती एकदम म्हणाली. कॅशच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

हमी म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! सरकारी काम घ्यायचं तर सरकार आधी जामीन मागतं. ठेकेदार काम अर्धवट टाकून पळाला, तर नुकसान त्यातून भरून काढायचं. बँक जामीन राहते, पण फुकट राहत नाही, तेवढी ठेव आपल्याकडे ठेवून घेते. सुचिताने अकोल्यात दुसऱ्यांच्या साईटवर इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काढली, मग स्वतःच्या नावाची नोंदणी केली, आणि हे पहिलं सरकारी काम मिळालं तेव्हा ठेवायला तिच्याजवळ काही नव्हतं. तिच्या आईजवळ होतं. जयमालाबाईंचं पूर्णाकाठचं शेत धरणाच्या बुडीतात गेलं होतं. त्याचा मोबदला आला, तोच आईने बँकेत ठेवला आणि पोरीच्या हमीखाली अडकवू दिला. म्हणजे सरकारने आधी शेत घेतलं, शेताचे पैसे दिले, आणि आता ते पैसेही परत मागत होतं. तेही काम पुरं करून दिलेल्या पोरीकडून.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. "पत्राची खातरजमा करायला मी वरच्या ऑफिसला पाठवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "बुधवारपर्यंत थांबवता येईल. त्यापुढे माझ्या हातात काही नाही. कोर्टाची स्थगिती आणता आली तर बघा."

खामगावच्या वकिलाला तिने बँकेच्या पायरीवरूनच फोन लावला. बुधवारच्या आत स्थगिती मिळणं अवघड आहे, तो म्हणाला. मग तिने हर्षलला लावला. हर्षल उपविभागाचा कनिष्ठ अभियंता. चिंचोड्याच्या कामावर देखरेख त्याचीच होती. पायाच्या खड्ड्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत प्रत्येक मोजमाप त्याने स्वतः टेप धरून घेतलेलं.

"मॅडम, मनावर घेऊ नका, ते रूटीन आहे," हर्षल म्हणाला. "हमीची मुदत संपत होती. साहेबांनी वाढवून मागितली, तुम्ही दिली नाही. मुदतीच्या आत मागणी टाकली नाही तर ऑडिटवाले साहेबांना धरतात."

"वाढवून कशाला देऊ? काम झालं ना?"

"झालं."

"मग अपूर्ण कोणत्या तोंडाने लिहिलं?"

"पूर्णत्वाचा दाखला निघाला नाही ना, मॅडम. कागदावर अपूर्णच आहे."

"दाखला कोणी काढायचा?"

"साहेबांनी."

"मग का नाही काढला?"

हर्षलने आवाज खाली आणला. "दाखला निघाला की शेवटचं बिल द्यावं लागतं. आणि निधी नाही."

सुचिताने फोन बंद केला. उन्हाने स्कूटीचं सीट तापलं होतं, तरी ती तशीच बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. बिल द्यायचं नाही म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून काम अपूर्ण. काम अपूर्ण म्हणून जामिनाचे पैसे जप्त. तिचेच पैसे थकवायचे आणि थकवले म्हणून तिलाच लुटायचं. आणि ह्याला तो पोरगा रूटीन म्हणतो!

त्याच उपकेंद्राचं लोकार्पण झालं होतं. आमदार आले होते, फीत कापली होती, दर्शनी भिंतीवर काळा दगड बसवला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत आमदारांपासून उपअभियंत्यापर्यंत सगळ्यांची नावं होती. बांधणाऱ्याचं नव्हतं. तो दगडही सुचितानेच पदरच्या पैशाने बसवलेला, कारण अंदाजपत्रकात तो धरायचा राहून गेला होता. त्या दिवशी उपअभियंता साहेबांनी माईकवर म्हटलं होतं, 'विक्रमी वेळेत पूर्ण झालेली दर्जेदार वास्तू.' टाळ्या वाजल्या होत्या.

ती तिथून निघाली ती वाहेदच्या घरी गेली.

वाहेद शेख नांदुऱ्याचा सेंट्रिंगवाला. स्लॅब ओतायच्या आधी खाली लोखंडी प्लेटा आणि लाकडी बल्ल्यांचा साचा उभा करावा लागतो, ते काम आणि त्यावरची सगळी मजुरी त्याने सुचिताकडून गुत्त्याने, म्हणजे ठोक ठेक्यावर, घेतली होती. सरकारचं शेवटचं बिल अडकलं आणि त्याचे पैसे सुचिताकडे अडकले. तो मागायला यायचा, ती थोडंथोडं द्यायची, आणि हल्ली त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की ती फोन नुसता वाजू द्यायची.

दारात त्याची बायको शाहजादी उभी होती. "आल्या का पैसे घेऊन?" तिने विचारलं. बसा म्हणाली नाही.

"नाही, भाभी. दुसरं सांगायले आली."

"दुसरं काय सांगता? पोरायची मजुरी यायनं आमच्या घरातून देल्ली. माह्या भावाकून उसने आणले. तो आता दारावर येते. त्याले काय सांगू, सरकारकडे पैसे नाही म्हणून?"

वाहेद आतून बनियनवरच बाहेर आला. "थांब वं, बोलू दे त्याइले."

सुचिताने सांगितलं. मध्ये कुठे थांबली नाही, आणि स्वतःची बाजूही लावून धरली नाही. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "ताई, एक सांगू? मले सरकार माहीत नाही. मी कधी त्या ऑफिसात गेलो नाही. माह्यासाठी सरकार तुम्हीच. तुमच्या बोलीवर मी प्लेटा टाकल्या. सरकारनं तुमच्याकून जामीन घेतला, बरोबर? मंग आमच्या मजुरीले जामीन कोण होतं? कोणीच नाही. तुम्ही पण मले लिहून देल्लं नाही."

"नाही दिलं," सुचिता म्हणाली. ते खरंच होतं, आणि ते ऐकून तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी आणखी चढला.

"आता काय लिवलं म्हणता त्याइनं?"

"काम अपूर्ण आहे."

वाहेदचा चेहराच बदलला. "अपूर्ण? माह्या स्लॅबले अपूर्ण म्हणते? पावसाळा काढला त्या स्लॅबनं, एक थेंब गळला नाही. बुलाव उसको! कोणता साहेब आहे तो?"

"वाहेदभाई, तुमच्या प्लेटा आणि बल्ल्या मोकळ्या आहेत का?"

"हाव, आहेत. काऊन?"

"टेम्पो काढा. चिंचोड्याला जायचं."

वाटेत नांदुऱ्याच्या बाजारात ती एका हार्डवेअरच्या दुकानापुढे थांबली आणि तिथलं सगळ्यात मोठं कुलूप मागितलं.

चिंचोडा वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूला. उपकेंद्र गावाच्या तोंडाशीच, रस्त्याला लागून. दुपार कलायला आली होती. आत नर्सबाई प्राची वानखडे एकटीच बसून रजिस्टर लिहीत होती. ती वरवट बकालहून रोज येऊन-जाऊन करायची. तिने सुचिताला ओळखलं आणि हसून खुर्ची पुढे केली.

"प्राचीताई, तुमचं सामान, औषधं, सगळं बाहेर काढू या. मी दाराला कुलूप लावणार आहे."

प्राचीला आधी ती चेष्टा वाटली. मग सुचिताने पत्राचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. प्राचीने वाचला आणि परत दिला.

"हे वाईटच आहे. पण उद्या मंगळवार. लसीकरण आहे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून बाया येतील. तुमचं भांडण त्यांच्याशी आणि कुलूप माझ्या दाराला, हा कुठला न्याय?"

"दार तुमचं नाही, ताई. माझं आहे. तेच तर त्यांनी लिहिलंय. काम अपूर्ण आहे म्हणजे इमारत अजून ठेकेदाराच्या ताब्यात आहे. अपूर्ण साईटवर बाहेरच्या माणसांना मी येऊ देऊ शकत नाही. उद्या काही पडलं-झडलं तर जबाबदार कोण? मी."

"आणि मागचं वर्षभर मी इथे बसतेय ते?"

"ते त्यांना विचारा."

"शब्दांत पकडता येईल त्यांना," प्राचीचा आवाजही आता चढला. "पण इथे दोन बायांचे दिवस भरत आलेत. अवघडलेली बाई दारात आली आणि कुलूप दिसलं तर ती शब्दांचं काय करील? मी आधी मारुतीच्या ओट्यावर सुया दिल्यात, पावसात छत्री धरून. मला परत तिथे बसवू नका."

ह्या बाईला दुखवायचं सुचिताच्या मनात नव्हतं. पण आता मागे फिरली, तर बुधवारी आईची ठेव जाणार, आणि ते ऑफिस दुसऱ्या कुणाला तरी असंच पत्र लिहायला मोकळं होणार.

"किल्ली माझ्याजवळ राहील," ती अखेर म्हणाली. "आणि मी हे गाव सोडणार नाही. बाळंतपणाची बाई आली तर मी स्वतः दार उघडीन. साहेब आला तर उघडणार नाही. आणि उद्याचं लसीकरण मांडवात होईल, ओट्यावर नाही."

प्राचीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "मी माझ्या वरच्यांना कळवणार. जसं आहे तसं."

"कळवाच. मला तेच पाहिजे."

वाहेद आणि त्याच्या दोन गड्यांनी टेम्पोतून बल्ल्या उतरवल्या. दारापुढच्या मोकळ्या जागेत खांब उभे केले, वर ताडपत्री ताणली, खाली विटांवर प्लेटा आडव्या टाकून बसायला बाक केले. स्लॅबसाठीच्या त्या प्लेटांवर प्राचीने स्वतःची सतरंजी अंथरली. अंथरताना ती सुरकुत्या नीट काढत होती. सुचिताने कडी ओढली आणि कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी बाया लेकरं घेऊन यायला लागल्या. बनाबाई सगळ्यांत पुढे होत्या, कमरेवर नातू घेऊन. गावात त्यांच्या तोंडाला सगळेच भीत. कुलूप बघून त्यांनी तिथेच आवाज लावला.

"काऊन वं पोरी, दवाखान्याले कुलूप लावतं का कोणी? लाज नाही वाटत?"

"आजी, हा दवाखाना बांधून झाला का नाही?"

"झाला नं. डोळे फुटले का तुहे?"

"सरकार म्हणते, झाला नाही. तसा कागद लिहिला. अजून अपूर्ण आहे म्हणते, आणि माझ्या आईचे पैसे घेऊन राह्यले."

बनाबाईंनी इमारतीकडे पाहिलं, काळ्या दगडाकडे पाहिलं. "मंग तो मोठा साहेब आल्ता तवा काय पाह्यलं त्यानं? आन् माह्या नातवाले मागच्या खेपेस सुई देल्ली, ते काय हवेत देल्ली?"

मांडवात हशा उठला. गावातल्या कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं. सुचिताला तेव्हा ते कळलंही नाही. व्हिडिओत बनाबाई बोलत होत्या आणि त्यांच्या डोक्यामागे सोनेरी अक्षरांत आमदारांचं नाव चमकत होतं. बघता बघता तो संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्यापर्यंत फिरला. आमदारांच्या कार्यालयातून उपविभागात फोन गेला. आरोग्य खात्यातूनही गेला.

दुपार व्हायच्या आत पांढरी गाडी आली. उपअभियंता उतरले. त्यांच्यामागे हर्षल. आणि दुसऱ्या बाजूने मोटारसायकलवर ठाण्यातले एक जमादार.

"हे काय चालवलंय, मॅडम?" साहेब लांबूनच म्हणाले. "शासकीय इमारत आहे ही. आत्ताच्या आत्ता कुलूप काढा. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होईल."

"कुठली शासकीय इमारत, साहेब? ही तर अपूर्ण साईट आहे. तुमच्याच सहीने."

"तो कार्यालयीन पत्रव्यवहार आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"नाही कसा? जमादारसाहेब," ती पोलिसाकडे वळली, "ह्यांना विचारा, इमारतीचा ताबा घेतल्याचा कागद आहे का. असेल तर मी आत्ता कुलूप काढते, आणि तुमच्याबरोबर ठाण्यात येते."

जमादारांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षल बुटाने मुरूम उकरत होता.

"साहेब, कागद असला तर द्या," जमादार म्हणाले. "मला ठाण्यात लिहावं लागेल ना काहीतरी."

उपअभियंत्यांनी आवाज बदलला. ते सुचिताला मांडवाच्या कडेला घेऊन गेले. "हे बघा, तुम्ही शिकलेल्या आहात. व्यवस्था तुम्हाला कळते. तुम्ही हमीला वर्षभर मुदतवाढ द्या, मी बँकेचं पत्र मागे घेतो. निधी आला की बिल निघेल. एवढं ताणायचं कारण नाही."

तिला हळू बोलायचं होतं. ते जमलं नाही.

"कारण नाही? साहेब, मी तुमच्या दारात किती वेळा आले? शिपायाने मला बाहेर बसवलं, तुम्ही आत चहा पीत होता ते मला काचेतून दिसत होतं. तेव्हा म्हणालात, निधी नाही. बरं, नाही तर नाही. पण खोटं कशाला लिहिलं? निधी नाही असं का नाही लिहिलं बँकेला? 'आम्ही हिचे पैसे दिले नाहीत' हे लिहायची तुम्हाले लाज वाटली, म्हणून मी काम केलं नाही असं लिहिलं! माह्या मायचं शेत गेलं पाण्याखाली. त्याचे पैसे आहेत ते. ते तुम्ही एका ओळीत उचलून राह्यले होते, आणि त्या ओळीले तुमच्या ऑफिसात रूटीन म्हणतात!"

मांडवात एक लेकरू रडायला लागलं.

वाहेद पुढे आला. तो साहेबांच्या इतक्या जवळ उभा राहिला की जमादारांनी हात आडवा केला. "साहेब, मी वाहेद शेख. हा स्लॅब माह्या हातचा आहे. तुम्ही वर चढा. मी शिडी लावतो. कुठी अपूर्ण आहे ते बोट ठेवून दाखवा. दाखवलं तर एक पैसा मागत नाही, ना तुम्हाले ना ताईले. चला, चढा!"

"अरे, तसं नाही म्हणायचं..."

"मंग कसं म्हणायचं? अपूर्ण म्हणजे काय? मी अडाणी आहो, समजावून सांगा!"

साहेबांचा फोन वाजला. नाव बघून ते गाडीआड गेले. बराच वेळ 'हो साहेब, हो साहेब' एवढंच ऐकू येत होतं. परत आले तेव्हा त्यांची कॉलर घामाने भिजली होती.

"हर्षल," ते म्हणाले, "लेटरहेड आहे का गाडीत?"

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हर्षलने दोन पत्रं लिहिली. एक बँकेला, मागणी मागे घेत असल्याचं. दुसरं म्हणजे पूर्णत्वाचा दाखला. साहेबांनी दोन्हींवर सह्या केल्या, गाडीत ठेवलेला शिक्का मारला आणि कागद सुचितापुढे धरले. "झालं? आता काढा कुलूप."

वाहेद किल्लीसाठी हात पुढे करत होता. सुचिता दाखला वाचत होती.

"ही आजची तारीख आहे."

"मग? आज दिला, आजची तारीख."

"'काम दिनांक इतक्या रोजी पूर्ण झाले' इथेही आजचीच आहे." तिने कागद साहेबांच्या डोळ्यांसमोर धरला. काम पूर्ण झालं की पुढचं एक वर्ष काही फुटलं-तुटलं तर ठेकेदाराने दुरुस्त करायचं, आणि तोवर हमी सुटत नाही, असा करार होता. खऱ्या तारखेने ते वर्ष केव्हाच सरलं होतं. आजच्या तारखेने ते आजपासून सुरू होणार होतं. म्हणजे तीच मुदतवाढ, मागच्या दाराने.

"चुकून झालं असेल," साहेब म्हणाले.

"चुकून?" ती हर्षलकडे वळली. "तू सांग. तू मोजलं होतंस. कोणत्या महिन्यात संपलं काम?"

हर्षलने साहेबांकडे पाहिलं नाही. "लोकार्पणाच्या आधीच्या आठवड्यात," तो म्हणाला. "मोजमाप पुस्तकात नोंद आहे, साहेब. माझी सही आहे. तुमचीही आहे."

ते बोलायला त्याला फार उशीर झाला होता, पण बोलला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की परतीच्या वाटेवर गाडीत काय होणार हे सगळ्यांनाच कळलं. सुचिताने तो कागद मधोमध फाडला आणि तुकडे बॉनेटवर ठेवले. "नवीन लिहा."

नवा दाखला लिहिला गेला. तिने तो ओळ न् ओळ वाचला. उपविभागाकडे असलेला हमीचा मूळ कागद उद्या दुपारच्या आत बँकेत पोचेल, असं साहेबांकडून खाली लिहून घेतलं. मग किल्ली प्राचीच्या हातात दिली.

"तुम्ही उघडा."

प्राचीने कुलूप काढलं आणि रांगेतल्या पुढच्या लेकराला आत नेलं. नंतर, बाया पांगल्यावर, बाहेर येऊन सुचिताला म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. पण काल माझ्यावर काय बेतलं ते तुम्ही विसरू नका."

"नाही विसरणार," सुचिता म्हणाली.

बुधवारी हमीचा कागद बँकेत आला आणि रद्द झाला. जयमालाबाईंनी त्याच दिवशी ठेव मोडली आणि पैसे आपल्या एकटीच्या नावावर दुसरीकडे टाकले. "मी तुही माय आहो," त्या म्हणाल्या, "जामीन नाही. आता मले कोणत्या कागदावर सही माग नोको." सुचिताला ते लागलं.

बिल लगेच आलं नाहीच. पोळ्यानंतर त्याचा एक तुकडा आला. तो तिने आला तसा वाहेदला देऊन टाकला. उरलेल्या पैशांचं तिने ह्या वेळी त्याला लिहून दिलं, स्टॅम्प पेपरवर, स्वतःची स्कूटी आणि मिक्सर मशीन तारण लावून. वाहेदने कागद घेतला. "बरं झालं," तो म्हणाला. "पण सरकारी कामावर मले आता बोलावू नोका, ताई. शेगावच्या लॉजचं असलं तर सांगजा."

त्याच आठवड्यात उपविभागाची नोटीस आली. शासकीय इमारतीस अनधिकृत कुलूप लावून रुग्णांची गैरसोय केल्याबद्दल आपली नोंदणी का रद्द करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. सही त्याच साहेबांची होती. हर्षलची बदली झाली होती, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

सुचिताने खुलासा स्वतः लिहिला. वकील म्हणाला, भाषा जरा मऊ करा. तिने केली नाही. उलट खाली थकलेल्या बिलाची आणि त्यावरच्या व्याजाची मागणी जोडली, आणि एवढ्या मुदतीत पैसे आले नाहीत तर दिवाणी दावा लावणार, हेही लिहिलं. दावा वर्षानुवर्षं चालेल, हे तिला माहीत होतं.

उपविभागाच्या ऑफिसात पत्रं नोंदवून घेणाऱ्या बारनिशीच्या टेबलावरचा माणूस तिला ओळखून होता. "ठेवून जा, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "पोच नंतर देऊ."

"आत्ता द्या."

"शिक्का साहेबांच्या केबिनमध्ये आहे."

"मग आणा."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

सुचिताने बाजूची खुर्ची ओढली, टेबलाच्या अगदी समोर लावली, आणि बसली. काचेपलीकडे केबिनमध्ये साहेब एकटेच होते. त्यांनी तिला पाहिलं आणि फाईल उघडली. टेबलावरच्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली, मग पुटपुटत उठला आणि शिक्का आणायला आत गेला.